न पाहिलेल्या गाडीचा इसार

जुन्या मोटारींच्या खोट्या जाहिराती : सीमाभागातील नागरिकांनी घ्यावयाची दक्षता

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात बैलजोडी घ्यावयाची झाली तर शेतकरी बाजारात एकटा जात नाही. बरोबर एखादा जाणता माणूस असतो. देवणी खोंडाचे दात पाहिले जातात, खांदा चाचपला जातो, जनावर चार पावले चालवून पाहिले जाते. मग रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो, चार माणसांदेखत इसार दिला जातो आणि दाखला हाती आल्यावरच कासरा हातात घेतला जातो. ही सावधगिरी कोणत्या पुस्तकातून आलेली नाही. फसलेल्या पिढ्यांनी पुढच्या पिढ्यांना दिलेले ते शहाणपण आहे.

परंतु अलीकडे एक विसंगत गोष्ट दृष्टीस पडते. बैलाचे दात पाहिल्याखेरीज जो इसार देत नाही, तोच गृहस्थ कधी न पाहिलेल्या मोटारीसाठी, कधी न भेटलेल्या माणसाला, भ्रमणध्वनीवरून हजारो रुपये पाठवितो. गाडी येत नाही, पैसेही परत येत नाहीत. हा माणूस भोळा असतो असेही नाही. त्यांत शिक्षक असतात, शासकीय सेवक असतात, व्यापारी असतात. तेव्हा फसवणूक होते कशी, तिची रीत कोणती आणि तिच्यापासून बचाव कसा करावा, याची माहिती खेड्यापाड्यांतील वाचकांना व्हावी या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

जुन्या गाडीची गरज

औराद, कमलनगर, भालकी, हुलसूर, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांचा व्यवहार एका राज्यापुरता मर्यादित नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा सारा प्रदेश लातूर, उमरगा, नांदेड यांच्याबरोबर हैदराबाद राज्यात होता. राज्यपुनर्रचनेने सीमा आखल्या, परंतु सोयरीक, बाजारहाट आणि दवाखाना यांचे रस्ते पूर्वीप्रमाणेच राहिले. उदगीर, लातूर, उमरगा, सोलापूर, जहिराबाद आणि हैदराबाद येथे येथील माणसांचे नित्य जाणे-येणे असते. पुणे-हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग बसवकल्याण व हुमनाबाद तालुक्यांतूनच जातो.

अशा भागात मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. भाजीपाला हैदराबादेस नेणे, रुग्णास सोलापुरास पोचविणे, मुलांना शाळेत सोडणे, भाड्याने गाडी चालवून पोट भरणे, अशा अनेक कामांसाठी ती लागते. नवीन गाडी परवडत नाही म्हणून जुनी घ्यावी असा विचार साहजिकपणे केला जातो. पैसा हाती येण्याचे दिवसही ठरलेले असतात. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन विकले जाते आणि संक्रांतीच्या पुढेमागे तूर बाजारात येते. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, यावरून या पिकाचे येथील स्थान लक्षात यावे. वर्षभराच्या घामाचा हा पैसा एका दुपारी हातचा गेला, तर पुढच्या पेरणीचे बियाणे उधारीवर घ्यावे लागते. म्हणूनच हा प्रश्न केवळ शहरी माणसाचा मानता येणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. येथील बाजार समितीच्या आवारात बीदरची के.ए. ३८, भालकीची के.ए. ३९, कलबुर्गीची के.ए. ३२, लातूरची एम.एच. २४, धाराशिवची एम.एच. २५ आणि सोलापूरची एम.एच. १३ अशा निरनिराळ्या क्रमांकांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. परक्या राज्याचा क्रमांक पाहून अन्यत्र जी शंका येईल, ती येथे येत नाही. ठकास हे सोयीचेच पडते.

जाहिरातींचा बाजार

इंटरनेटवर जुन्या गाड्यांची विक्री दोन प्रकारे होते. काही कंपन्या गाड्या स्वतः ताब्यात घेतात, तपासतात आणि मग विकतात. दुसऱ्या प्रकारची स्थळे म्हणजे केवळ जाहिरातीचे फलक होत. ओ.एल.एक्स. किंवा फेसबुकवरील मार्केटप्लेस यांसारख्या ठिकाणी कोणीही व्यक्ती आपल्या वस्तूचे छायाचित्र व किंमत टाकू शकते. ग्राहक थेट त्या व्यक्तीशी बोलतो. गावच्या पारावर चिठ्ठी चिकटविण्यासारखाच हा प्रकार आहे. पाराने चिठ्ठीला जागा दिली म्हणजे चिठ्ठीतील मजकुराची हमी दिली, असे होत नाही.

या सोयीमुळे असंख्य प्रामाणिक व्यवहार झाले आहेत व होत आहेत, हे नमूद केले पाहिजे. परंतु जाहिरात देणाऱ्याची ओळख बहुधा एका भ्रमणध्वनी क्रमांकापुरती असते आणि तो क्रमांक दुसऱ्याच्या नावे घेतलेला असू शकतो. छायाचित्र कोणाच्याही गाडीचे उचलता येते. खोटी जाहिरात देण्यास खर्च शून्य आणि शंभर माणसांपैकी एक जरी गळाला लागला तरी लाभ मोठा, असे हे गणित आहे.

फसवणुकीच्या चार तऱ्हा

पहिली तऱ्हा गणवेशाची. उदाहरणादाखल एका शेतकऱ्याची कल्पना करू. बाजारात साडेतीन लाखांना जाणारी गाडी त्याला जाहिरातीत एक लाख चाळीस हजारांना दिसते. विक्रेता सांगतो की आपण सैन्यात आहोत, अचानक बदली झाली आहे, गाडी नेता येत नाही म्हणून स्वस्तात देत आहोत. तो ओळखपत्राचे, गणवेशातील छायाचित्राचे आणि आर.सी.चे चित्र पाठवितो. बीदर येथे हवाई दलाचे केंद्र आहे. त्यामुळे "मी तेथेच नोकरीस होतो" हे वाक्य येथील माणसाला खरे वाटते. गाडी पाहावयास येतो म्हटले की ती विमानतळावर किंवा छावणीत ठेवली आहे, बाहेरच्यास प्रवेश नाही, सैन्याच्या वाहनातून ती आपल्या दारी पोचेल, असे उत्तर मिळते. प्रथम दरवाजाच्या परवान्यासाठी २,१५० रुपये मागितले जातात. पाठोपाठ वाहतुकीचे १५,५०० मागितले जातात. मग करापोटी २१,००० हवे असतात आणि ते परत मिळणार असतात. मग गाडी जिल्ह्याच्या हद्दीवर आली असून ३१,००० भरल्याखेरीज सोडता येत नाही, असा फोन येतो. चार हप्त्यांत ६९,६५० रुपये जातात आणि त्यानंतर फोन लागत नाही.

सैन्यदलाची कोणतीही शाखा खासगी विक्रीची गाडी पैसे घेऊन खरेदीदाराच्या दारी पोचवीत नाही. एवढे एक वाक्य पाठ असले तरी या तऱ्हेची बाधा होणार नाही.

दुसरी तऱ्हा दोहोंच्या मध्ये उभे राहण्याची. ही अधिक कावेबाज आहे, कारण येथे गाडी खरी असते आणि ती पाहावयासही मिळते. उमरग्याच्या एका गृहस्थाने आपली गाडी तीन लाखांस विकण्याची जाहिरात दिली असे समजा. ठक त्यास फोन करून गाडी पसंत असल्याचे सांगतो आणि म्हणतो, "माझा नातेवाईक पाहावयास येईल. त्याच्याजवळ किमतीची बोली करू नका, पैसे मी देईन." तीच छायाचित्रे वापरून तो दोन लाखांची दुसरी जाहिरात देतो. आळंदचा ग्राहक ती पाहून फोन करतो. त्यास सांगितले जाते, "गाडी माझ्या भावाकडे उमरग्यास आहे. पाहून घ्या, पण भावाजवळ पैशांचे बोलू नका, घरात वाटणीचा वाद आहे." ग्राहक जातो, गाडी चालवून पाहतो, समाधान पावतो आणि तेथे उभे राहूनच ठकाने दिलेल्या खात्यात पैसे भरतो. मालकाला एक पैसाही मिळालेला नसतो, म्हणून तो किल्ली देत नाही. दोन सज्जन माणसे अंगणात एकमेकांस चोर म्हणू लागतात आणि खरा चोर तेथे नसतोच. जेथे कोणी "समोरच्या माणसाशी किमतीबद्दल बोलू नका" असे सांगतो, तेथे हा डाव आहे असे निश्चित समजावे.

तिसरी तऱ्हा विकणाऱ्यास फसविण्याची. आपण जाहिरात दिली की काही मिनिटांतच फोन येतो. गाडी न पाहता, घासाघीस न करता सौदा मान्य केला जातो आणि इसार म्हणून चौकटीचा एक संकेत, ज्यास क्यू.आर. कोड म्हणतात, पाठविला जातो. "हा स्कॅन करा व पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील," असे सांगण्यात येते. प्रत्यक्षात पैसे जातात. यू.पी.आय. पद्धतीत पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकणे म्हणजे पैसे देण्याच्या कागदावर सही करणे होय. एका व्यक्तीने दुसरीकडे पैशांची मागणी पाठविण्याची सोय एन.पी.सी.आय. या संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली असली, तरी क्यू.आर. कोडचा आणि पैसे भरल्याच्या खोट्या चित्राचा धोका कायम आहे. पैसे आले किंवा नाही हे समोरच्याने दाखविलेल्या चित्रावरून ठरवू नये. आपल्या खात्यातील शिल्लक पाहूनच ठरवावे.

चौथी तऱ्हा सदोष मालकीची. गाडी येते, परंतु ती चोरीची असते, किंवा तिच्यावर कर्जाचा बोजा असतो, किंवा विकणारा मालकच नसतो. विकलेल्या गाडीची दुसरी किल्ली व तिच्यात लपविलेले स्थानदर्शक यंत्र यांच्या साहाय्याने तीच गाडी पुन्हा चोरून नेल्याचे प्रकारही उत्तर भारतात पोलिसांनी उघडकीस आणले आहेत.

हे लोक कोण

हा उद्योग एकट्यादुकट्या भुरट्याचा नाही. राजस्थानातील भरतपूर व अलवर आणि हरियाणातील नूह या जिल्ह्यांच्या लगतच्या गावांतून तो टोळ्यांनी चालविला जात असल्याचे निरनिराळ्या राज्यांच्या पोलिसांना आढळून आले आहे. सैनिक असल्याची बतावणी करून गाड्यांच्या जाहिराती देणाऱ्या अशा टोळ्यांतील माणसांना हैदराबादच्या पोलिसांनीही त्या भागात जाऊन अटक केली आहे. एप्रिल २०२३ च्या अखेरीस हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातील १४ गावांवर सुमारे ५,००० पोलिसांनिशी एकाच रात्री छापे घातले. त्या तपासातून देशभरातील सुमारे २८,००० प्रकरणांचा व १०० कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या फसवणुकीचा माग लागल्याचे त्यांनी जाहीर केले. हा आकडा पाहिला म्हणजे औरादच्या शेतकऱ्याला आलेला फोन किती दूरच्या आणि किती संघटित जाळ्यातून आलेला असू शकतो, याची कल्पना येईल.

या टोळ्यांना दोन वस्तूंची सतत गरज असते, ती म्हणजे दुसऱ्याच्या नावाचे सिमकार्ड आणि दुसऱ्याच्या नावाचे बँकखाते. आलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा काही तासांत फिरविला जातो आणि शेवटी काढून घेतला जातो. त्यासाठी गरजू तरुणांना थोडेफार पैसे देऊन त्यांची खाती वापरावयास घेतली जातात. आपले खाते, ए.टी.एम. कार्ड किंवा सिमकार्ड असे भाड्याने देणारा तरुण स्वतः गुन्ह्यात ओढला जातो, ही गोष्ट गावोगावच्या पालकांनी आपल्या मुलांना आवर्जून सांगितली पाहिजे.

भूल का पडते

पहिले कारण अर्थातच स्वस्ताई. कमी खाणारी, आखूडशिंगी आणि बहुदुधी गाय कोणी स्वस्तात विकत नाही, हे आपण जाणतो. परंतु मोटारीच्या बाबतीत तोच विचार करण्यास विसरतो. दुसरे कारण गणवेशाविषयीचा आदर. ज्या गावांतील मुले सैन्यात आहेत तेथे जवानाच्या शब्दावर संशय घेणे अपराधासारखे वाटते आणि ठक नेमक्या याच सद्भावनेचा उपयोग करून घेतो. तिसरे कारण घाई. "आणखी दोन ग्राहक थांबले आहेत" असे सांगून विचार करावयास अवधीच दिला जात नाही.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली असते. ती गेल्यानंतर माणूस गाडीसाठी पैसे पाठवीत नाही, तर आधी गेलेले पैसे वाचविण्यासाठी पाठवितो. आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. दुसऱ्यांदा पैसे मागितले गेले की थांबावे आणि घरातील माणसास सर्व हकिकत सांगावी. थांबल्याने पहिली रक्कम कदाचित बुडेल, परंतु उरलेला पैसा वाचेल.

गाडीची पहाणी कशी वाचावी

शेत घेताना आपण पहाणी किंवा सातबारा पाहतो, मालकाचे नाव पाहतो, बोजा पाहतो आणि व्यवहारानंतर फेरफार करून घेतो. मोटारीचेही असेच आहे. परिवहन खात्याच्या 'वाहन' या नोंदणीत प्रत्येक गाडीची माहिती असते. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर अथवा एम-परिवहन या ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला असता नोंदणीची तारीख, गाडीचा प्रकार, विम्याची व योग्यता प्रमाणपत्राची मुदत इत्यादी तपशील पाहता येतो. मालकाचे नाव तेथे पूर्ण दाखविले जात नाही, काही अक्षरे झाकलेली असतात. म्हणून ही तपासणी पहिली पायरी समजावी, शेवटची नव्हे. थकलेल्या दंडाची माहिती ई-चलनच्या संकेतस्थळावर मिळते. चोरीस गेलेल्या गाड्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभाग ठेवतो आणि आपण घेत असलेली गाडी त्या यादीत आहे काय, हे नागरिकांना पाहता येते.

यानंतर प्रत्यक्ष पाहणी करावी. मूळ आर.सी. हातात घ्यावी, तिचे चित्र पाहून समाधान मानू नये. आर.सी.वरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः ताडून पाहावेत. चासी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासल्यास क्रमांकाचा छाप उठतो. अंक खरवडलेले किंवा वेडेवाकडे असल्यास ते लगेच ध्यानात येते. आर.सी.वरील मालक स्वतः समोर असावा आणि त्याचे ओळखपत्र पाहावे. आर.सी.वर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असल्यास गाडीवर बोजा आहे असे समजावे. कर्ज फिटल्याचा नमुना ३५ व कंपनीचे ना-हरकत पत्र मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पैसे देताना एकच नियम पाळावा. आर.सी.वर ज्याचे नाव, त्याच्याच बँकखात्यात आणि त्याच्याच समक्ष पैसे भरावेत. वर सांगितलेल्या चारही तऱ्हांपैकी खरेदीदारास बुडविणाऱ्या बहुतेक युक्त्या या एका नियमापुढे निष्फळ ठरतात.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून गाडी घ्यावयाची असल्यास त्याच्याजवळ नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र आहे काय, हे विचारावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२३ पासून अशा व्यापाऱ्यांसाठी अधिकारपत्राची पद्धत सुरू झाली आहे.

नावावर करून घेणे आणि देणे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविले पाहिजे. यासाठी नमुना २९ व नमुना ३० वापरले जातात. विम्याच्या प्रमाणपत्रावरील नाव बदलण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो.

गाडी दुसऱ्या राज्यात विकल्यास मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्यासाठी नमुना २८ भरावा लागतो आणि विकणाऱ्यास ४५ दिवसांची मुदत असते. परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ आपल्या राज्यात ठेवल्यास कलम ४७ प्रमाणे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि आपल्या राज्याचा करही भरावा लागतो. लातूरची गाडी स्वस्त दिसली तरी हा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा. ना-हरकत प्रमाणपत्र "मागाहून पाठवितो" असे सांगणाऱ्यास पूर्ण रक्कम देऊ नये.

नुसत्या मुद्रांकावर करार करून गाडी देणे आणि आर.सी. तशीच ठेवणे ही पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ती विकणाऱ्यास अतिशय धोक्याची आहे. २००९ सालच्या एका अपघाताच्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, परंतु नोंद मूळ मालकाच्याच नावे राहिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निर्णय दिला की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक असून नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच राहते. गाडी विकून वर्षे लोटली तरी नाव तसेच राहिल्यास दुसऱ्याच्या अपघाताचा भार आपल्यावर येऊ शकतो, हे यावरून स्पष्ट होईल.

भाषेविषयीही एक सूचना करणे आवश्यक आहे. सीमाभागात विकणाऱ्याचे कागद कानडीत आणि घेणाऱ्याचे वाचन मराठीत, असे पुष्कळदा घडते. जो कागद आपणास वाचता येत नाही त्यावर सही करू नये. दोन्ही भाषा जाणणाऱ्या शिक्षकाकडून किंवा वकिलाकडून तो वाचून घ्यावा.

फसवणूक झाल्यास

फसलो असे ध्यानात येताच पहिला तास अत्यंत मोलाचा असतो. लाजेपोटी किंवा घरच्यांच्या भीतीने दोन दिवस गप्प राहणे म्हणजे ठकास दोन दिवसांची सवड देणे होय. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन करावा. आपले नाव, बँक, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, दिनांक व वेळ तयार ठेवावी. ही माहिती बँकांना तत्काळ कळविली जाते आणि पैसा ज्या खात्यात पोचला असेल तेथेच तो गोठविण्याचा प्रयत्न होतो. पैसा काढून घेतला गेल्यावर मात्र तो परत मिळणे अवघड असते. फोननंतर मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन येथे, २४ तासांच्या आत संपूर्ण तक्रार नोंदवावी. आपल्या बँकेसही लेखी कळवावे. याच संकेतस्थळावर एखादा फोन क्रमांक किंवा खाते संशयित म्हणून नोंदलेले आहे काय, हे पैसे देण्यापूर्वी पाहण्याची सोयही आहे.

बीदर व कलबुर्गी या जिल्ह्यांत अशा गुन्ह्यांसाठी सी.ई.एन. पोलीस ठाणी आहेत. महाराष्ट्रात जिल्हानिहाय सायबर पोलीस ठाणी आहेत. "गाडी उमरग्याची, खाते राजस्थानचे, तक्रार येथे कशी?" असा प्रश्न नागरिकास पडतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर देता येते. इलेक्ट्रॉनिक साधनाने दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते. फसवणुकीस भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली सात वर्षांपर्यंत आणि तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीस कलम ३१९ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. संगणकाच्या साधनाने तोतयेगिरी केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-घ खालीही शिक्षा होऊ शकते.

पुरावा नष्ट करू नये. संतापाच्या भरात संभाषण पुसून टाकले जाते. तसे न करता जाहिरातीचे चित्र, फोन क्रमांक, संदेश, आलेली ओळखपत्रे आणि पैसे भरल्याच्या नोंदी जपून ठेवाव्यात. ठकाने पाठविलेले ओळखपत्र बहुधा दुसऱ्याच कोणा निरपराध जवानाचे असते, म्हणून ते समाजमाध्यमांवर पसरवून त्याची बदनामी करू नये. याचप्रमाणे, आपण ज्यास आपले ओळखपत्र पाठविले तो उद्या आपल्या नावाने दुसऱ्यास फसवील, याचीही जाणीव ठेवावी. ओळखपत्राची प्रत देणे भागच पडल्यास तिच्यावर कारण व दिनांक लिहून द्यावा.

गावाचे काम

बैलबाजारात शेतकरी फसत नाही, कारण तेथे तो एकटा नसतो. भ्रमणध्वनीवर मात्र तो एकटा असतो आणि ठकास तेच हवे असते. म्हणून यावरचा उपायही गावानेच करावयाचा आहे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना खरी व खोटी जाहिरात ओळखण्याचा एक पाठ द्यावा. घरातील पैशांचे व्यवहार फोनवरून करण्यास वडीलधाऱ्यांना अनेकदा हीच मुले मदत करतात. ग्रामपंचायतीने १९३० हा क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठीत व कानडीत लिहून घ्यावा. ग्रामसभेत, तूर व सोयाबीनच्या विक्रीच्या हंगामापूर्वी, या विषयाची पाच मिनिटे चर्चा व्हावी. बँकेच्या कर्मचाऱ्यांनी अनोळखी खात्यात मोठी रक्कम भरणाऱ्या वृद्ध ग्राहकास "हे पैसे कशासाठी?" असे आपुलकीने विचारावे. फसलेल्या माणसास कोणी हसू नये. तो हसण्याच्या भीतीने गप्प राहिला, तर त्याच ठकाचा पुढचा फोन शेजाऱ्याच्या घरी वाजेल.

जुन्या पिढीने आपल्याला एक साधा नियम दिला आहे. आधी जनावर पाहावे, मग मालक पाहावा, मग चार माणसांदेखत इसार द्यावा. बैलाच्या जागी मोटार आली आणि रुमालाच्या जागी भ्रमणध्वनी आला, तरी हा क्रम बदलण्याचे काहीच कारण नाही. गाडी मिळण्यास आठ दिवस उशीर झाला तर फारसे बिघडत नाही. घामाचा पैसा घाईने गेला तर मात्र तो भरून येण्यास अनेक हंगाम लागतात. नागरिकांनी हा क्रम स्वतः पाळावा आणि ही माहिती ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावी, अशी विनंती आहे.